भोगीपासून मागे मोजताना

हिवाळ्याची बाग उन्हात लावावी लागते. ऑक्टोबरच्या दुपारी आमच्या मांजरी गावची काळी माती तापलेली असते, घामानं खुरप्याची मूठ हातातून निसटते, आणि डब्यात काढून ठेवलेलं असतं वाटाण्याचं, गाजराचं, नवलकोलाचं बी; सगळं गारव्यावर वाढणारं. ज्या थंडीच्या भरवशावर हे बी मातीत टाकायचं तिचा मागमूसही नसतो. ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून ज्या दिवसांना सगळं पुणं वैतागतं, तेच दिवस भाजी लावणाऱ्याला वर्षात सर्वांत मोलाचे वाटतात. पाऊस ओसरलेला असतो, जमिनीच्या पोटात ओल असते, आणि पुढचे चार महिने पालेभाजीला मानवणारे असतात. हे दिवस हुकले तर डिसेंबरात कितीही खपलं तरी ते भरून येत नाही.

थंडीच्या देशांत याच सुमाराला बाग मिटवतात. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिकडे ऑक्टोबरात टोमॅटोची झाडं उपटून टाकायची, कढीपत्ता आणि तुळस घरात घ्यायची, नळ्यांतलं पाणी काढून टाकायचं, आणि वाफ्यांवर सुक्या पानांचं पांघरूण घालायचं. मेथी तिनं ऑगस्टातच पेरून खाऊन संपवलेली असते. आमच्याकडे मात्र हीच उघडण्याची वेळ. तरी एक काम आम्ही दोघी एकाच महिन्यात करतो: लसणाच्या पाकळ्या टोचायच्या. तिच्या पाकळ्या बर्फाखाली हिवाळा काढतात आणि जुलैत त्यांचे गड्डे होतात, माझ्या मार्चमध्येच निघतात. फोनवर आमचं त्यावर नेहमी बोलणं होतं. थंडी लसणाला दोन्हीकडे लागतेच. तिच्याकडे ती कमी पडेल अशी धास्ती नसते. माझ्याकडे ती धास्ती आता दर वर्षी असते.

आमची जागा फार नाही. मांजरी बुद्रुकमध्ये जुन्या घराच्या मागे दीडएक गुंठा मोकळी जमीन उरली आहे. दोन बाजूंना इमारती, एका बाजूला तात्यांचं रान. तात्या आमच्या भावकीतले. गावाच्या उत्तरेला मुळा-मुठा, दक्षिणेला सोलापूर रस्ता, आणि मधून दौंडकडे जाणारा लोहमार्ग. खडकवासला धरण १८७९मध्ये पुरं झालं. त्याच्या कालव्यानं या पट्ट्यात बागायत आणली, आणि शहराच्या पूर्वेची ही गावं ऊस आणि भाजीपाला पिकवू लागली. आज त्याच धरणाचं पाणी आधी शहर पितं. वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याहून उपसतात आणि जुन्या बेबी कालव्यातून पुढच्या शेतांकडे सोडतात. २०२१मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावातली रानं प्लॉटच्या भाषेत बोलली जाऊ लागली होती.

बागेचं वेळापत्रक माझ्या सासूबाईंचं आहे. घटस्थापनेच्या आसपास त्या कॅलेंडर मागतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “यंदा भोगी कधी गं?” संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, भोगी तिच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करायची. त्या भाजीत वांगं हवं, गाजर हवं, घेवडा, पावटा, मटार, ओले हरभरे, ओले शेंगदाणे हवेत. दुसऱ्या दिवशी सुगडात घालायला पुन्हा गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, ऊस, बोरं. बाजारात हे सगळं त्या आठवड्यात ढिगांनी येतं. पण आईंना जमेल तितकं मागच्या वाफ्यांतलं लागतं, आणि म्हणून त्या भोगीपासून मागे मोजत येतात.

ही मोजणी मला कुठल्याही पेरणीच्या तक्त्यापेक्षा पक्की वाटते. हरभऱ्याचे घाटे हिरवे सोलण्याजोगे व्हायला तीन महिने लागतात, म्हणजे तो ऑक्टोबरच्या मध्याला पडायला हवा. गाजरालाही तेवढेच दिवस. लवकर येणारा आर्केल वाटाणा दोन महिन्यांत शेंगांवर येतो, त्याला नोव्हेंबरचा पहिला आठवडा चालतो, आणि झुडपी घेवड्यालाही. पावट्याचा वेल मात्र पावसाळ्यातच कुंपणावर चढलेला हवा. मेथी महिन्याभरात जुडी बांधायला येते, तिची काळजी शेवटी. आणि वांगं सगळ्यांच्या आधी, कारण त्याला भोगीच्याही आधी एक मुक्काम गाठायचा असतो. चातुर्मासात ज्यांच्या घरी वांगं, कांदा, लसूण वर्ज्य असतो त्यांच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग ते खायला सुरुवात होते. आमच्याकडेही तसंच. जेजुरी इथून जवळ, खंडोबा कुलदैवत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात येते. लावणीनंतर वांग्याला पहिली फळं धरायला दहा आठवडे धरा, म्हणजे रोपं सप्टेंबरच्या मध्याला जागेवर, आणि बी ऑगस्टात गादीवाफ्यावर. भर पावसात आई भरिताचा विचार करत असतात तो असा.

बाकी सगळं मातीशी जमवून घ्यायचं. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागतं. हत्तीचा पाऊस जोराचा असतो, आणि तो रब्बीची ओल भरून ठेवतो. तो पडत असताना मातीत पाय घालायचा नाही. आमची माती भारी, ओली असताना तुडवली की तिच्या विटा होतात आणि पुढे हिवाळाभर त्या फुटत नाहीत. मग उघडीप मिळते आणि आपण वाफशाची वाट बघत बसतो. वाफसा आला की नाही हे सांगायला आजवर मला हातापेक्षा चांगलं साधन मिळालेलं नाही. कुदळीनं वीतभर खालची माती काढायची, मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडायची. बोटांच्या मधून चिखल वर आला तर अजून थांबायचं. गोळा झालाच नाही, भुगा हातातून गळाला, तर ओल उडाली. गोळा झाला, त्यावर बोटांचे ठसे उमटले, आणि अंगठ्यानं हलकं टोचल्यावर तो रवाळ फुटला, की त्याच दिवशी कामाला लागायचं. हा मऊपणा फार तर तीन-चार दिवस टिकतो. त्या दिवसांत मी कुणाच्या लग्नाकार्याला जात नाही.

आधी तण. पावसाळ्यानं केना, आघाडा, गाजरगवत अंगणापर्यंत आणलेलं असतं. ते फुलावर यायच्या आत उपटलं तर खड्ड्यात कुजवायला चालतं, बी धरल्यावर नाही. हराळी आणि लव्हाळा यांच्याशी खरी झुंज. लव्हाळ्याच्या गाठी एकेक करून वेचून काढाव्या लागतात. वरून खुरपलं तर खालची गाठ दुप्पट जोमानं फुटते. मग खणणी, आणि उलटलेली ढेकळं काही दिवस उन्हात तापू द्यायची. ऑक्टोबरचं ऊन इथे खरं उपयोगी पडतं. अळ्या-कोष उघडे पडतात, त्यांच्यावर साळुंक्या आणि बगळे येतात. कुदळीमागोमाग फिरणारे हे पक्षी मला फार आवडतात, त्यांच्याइतकं बारकाईनं माती तपासणारं दुसरं कुणी नाही.

खताच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास यायला नको, पावसानंतरच्या मातीचा यायला हवा. अर्धकच्चं टाकलं तर त्यातून हुमणी येते आणि रोपांची मुळं कुरतडते. एकरी दहा टनांचा हिशेब धरला तर गुंठ्याला अडीचशे किलो पडतं, आणि एवढं खत आता गावात सहज मिळत नाही, कारण गोठेच राहिले नाहीत. म्हणून वर्षभराचा पालापाचोळा, तात्यांच्या उसाचं पाचट, स्वयंपाकघरातली टरफलं असं सगळं एका खड्ड्यात जातं. सोलापूर रस्त्यालगतच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या पाचटासाठी कुजवणारं जिवाणू संवर्धक मिळतं. ही संस्था १९७५मध्ये शेतकऱ्यांच्या साखर कारखान्यांसाठी उभी राहिली. तिचा एवढासा आधार माझ्या खड्ड्याला मिळतो याचं मला अप्रूप आहे.

याच दिवसांत घरात घट बसलेले असतात. पत्रावळीवर याच रानातली माती चाळून पसरायची, मधे पाण्याचा घट, आणि भोवती गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जवस. ही मातीही आई मुद्दाम मागच्या वाफ्यातूनच आणवतात. रोज थोडं पाणी, आणि नवव्या दिवसापर्यंत पिवळसर हिरवे कोंब वीतभर उंच झालेले. कुठलं धान्य दाट उगवलं, कुठलं विरळ राहिलं हे देवापुढे हात जोडतानाच दिसतं. नवरात्र हे शेतकऱ्याच्या घरातलं उगवण तपासणं आहे असं जाणती माणसं म्हणतात, आणि मला ते मनापासून पटतं. मागच्या वर्षीचा हरभरा घटात नीट उगवला नाही तर दसऱ्याच्या आत नवा आणायला वेळ उरतो. दसऱ्याला तेच कोंब टोपीत, पदरात, केसांत खोवले जातात. भक्ती आणि काळजी अशी एकाच पत्रावळीवर.

मग वाफे. मेथी, पालक, कोथिंबीर, लसूण यांना सपाट वाफे. वांगी, टोमॅटो, नवलकोल यांना सरी-वरंबा. गाजर आमच्या मातीत सपाटीवर लावलं तर खाली घट्ट थर लागताच फाटून दुतोंडी होतं, म्हणून ते वरंब्याच्या भुसभुशीत माथ्यावर. धने पेरण्याआधी जात्याच्या पाळीखाली किंवा चपलेनं हलके रगडून दोन डाळी सुट्या करायच्या. न रगडता पेरले तर रुसल्यासारखे उशिरा आणि विरळ उगवतात. मेथी फोकायची, तिला ओळीची शिस्त लागत नाही. टोमॅटोच्या रोपांवर पांढरी माशी बसू नये म्हणून गादीवाफ्यावर बारीक जाळी, आणि लावायच्या आधी काही दिवस पाणी तोडून रोपं जरा काटक करायची. लावणी नेहमी उतरत्या उन्हात. लावल्याबरोबर एक पाणी, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी. आंबवणीनंतर सकाळी वाफ्याजवळ गेलं की कळतं कुठल्या रोपानं जीव धरला. शेंड्यातलं सर्वांत लहान पान ताठ उभं असतं.

वांग्याविषयी मला जास्त लिहायचं आहे, कारण ते आमच्या गावाच्या नावाचं आहे. मांजरी गोटा. मोठं गोल फळ, जांभळट गुलाबी रंगावर पांढरे पट्टे, झाड बुटकं आणि पसरट, पानांवर आणि देठावर काटे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हा वाण वर्षानुवर्षं आहे. पीक दीडशे ते एकशे सत्तर दिवसांचं, म्हणजे चंपाषष्ठीपासून होळीपर्यंत पुरणारं. तोडल्यावर चार-पाच दिवस टिकतं. निखाऱ्यावर भाजलं की त्याची साल सुटून येते आणि आतला गर लोण्यासारखा उतरतो. महाराष्ट्रात कुठेही बियाण्याच्या दुकानात विचारा, मांजरी गोटा माहीत असतो. जिथे मांजरी कुठे आहे हे कुणाला माहीत नाही तिथेही लोक मांजरी लावतात आणि खातात. द्राक्षांचंही तसंच. मांजरी फार्मवर १९९७मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं, आणि तिथून निघालेल्या वाणांना मांजरी नवीन, मांजरी मेडिका, मांजरी श्यामा अशी नावं मिळाली. द्राक्षाच्या बागाईतदारालाही ऑक्टोबरची छाटणी करूनच हिवाळ्यात शिरावं लागतं. त्या छाटणीनंतर पाऊस आला तर केवडा रोग पानं आणि घड दोन्ही खातो, म्हणून तोही आमच्यासारखाच आभाळाकडे बघत असतो.

बियाणं आम्ही घरचंच धरतो. हंगामात सर्वांत निरोगी झाडावरची दोन फळं न तोडता ठेवायची. ती आधी फिकट, मग पिवळी, शेवटी तपकिरी होऊन लोंबतात. तेव्हा काढून गर पाण्यात कुस्करायचा. तळाला बसेल ते बी घ्यायचं, तरंगेल ते टाकून द्यायचं, आणि सावलीत वाळवून राखेत चोळून डब्यात ठेवायचं. वांग्यात मधमाश्या थोडा परपराग आणतात, त्यामुळे शेजारी दुसरं वांगं नसेल तेवढं बरं. इथे आता शेजारी दुसरं वांगंच नाही. वाण शुद्ध राहायला ते सोयीचं आहे, पण मला ती सोय नको होती. एकेकाळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना हीच झाडं असायची. आता मांजरीतल्या उपबाजारात पहाटे भाजीच्या गाड्या लागतात त्या बहुतेक दौंड, पुरंदर, शिरूरच्या. शेतकरी स्वतः उभं राहून माल विकतात, तो गलका मला हवासा वाटतो. त्यात मांजरीचा माल शोधावा लागतो एवढंच.

गावातून आणखी एक गोष्ट कमी होते आहे. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ला १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, शहराचा तो आजवरचा नीचांक. इतकी थंडी कुणी मागत नाही. पण हिवाळ्यात वर्तमानपत्रात येणारे किमान तापमानाचे आकडे मी शेजारी-शेजारी ठेवून वाचते. शिवाजीनगर, पाषाण, एनडीए यांच्यापेक्षा आमच्या शेजारचं मगरपट्टा बहुधा काही अंशांनी उबदार असतं. तिथेही आधी ऊसच होता. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून ते नगर उभारलं, आणि शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेलं नगर म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. तरी उघडी जमीन रात्री आपली ऊब निरभ्र आकाशाला देऊन टाकते, आणि काँक्रीट दिवसभराचं ऊन पोटात धरून पहाटेपर्यंत सोडत बसतं, हे काही बदलत नाही. आमच्या पेरूच्या फांदीला एक तापमापक टांगला आहे, तसाच एक समोरच्या इमारतीत राहणाऱ्या नणंदेच्या गॅलरीत. स्वच्छ रात्रीनंतरच्या सकाळी पेरूवरचा पारा खाली असतो. दीड गुंठ्यात एवढा फरक पडतो, तर शंभर एकरांत किती पडत असेल!

भाजीला हे अंश चांगले समजतात. गाजराला पंधरा ते वीस अंशांत भरगच्च रंग येतो, त्याहून उष्ण हवेत ते फिकट राहतं. वाटाण्याची फुलं उकाड्यात गळतात. फ्लॉवरचा गड्डा घट्ट बसत नाही, त्याला बारीक मोहरी फुटल्यासारखी होते. लसणाला आधी थंडी आणि मग लांबत जाणारे दिवस, असा क्रम हवा. म्हणजे बागेला हिवाळा लागतो, आणि हिवाळ्यालाही टेकायला बाग लागते. मोकळी, उघडी, रात्री निवणारी जमीन गावात कुठेतरी राहिली तरच पहाटेचं दव पडेल आणि आमच्या दारापर्यंत थंडी येईल. म्हणून वाफे मोकळे करताना मी ते केवळ घरच्या भाजीसाठी करत नाही. परवानग्या देणाऱ्यांनी, नकाशे आखणाऱ्यांनी शहरात बाग म्हटल्यावर फरशी आणि कारंजं न धरता कसता येईल अशी माती धरावी असं मला फार वाटतं. आराखड्यात दर वस्तीमागे काही गुंठे भाजीला ठेवणं अवघड नाही. इथली माती त्या लायकीची आहे, पाणीही आहे, आणि ज्यांना कसता येतं अशी माणसं अजून आहेत.

ती माणसं किती दिवस आहेत हे सांगता येत नाही. तात्या सत्तरीच्या पुढचे आहेत. यंदा चित्रा नक्षत्रात एक सर अवेळी आली आणि त्यांची नुकती पेरलेली मेथी चिकटून बसली. वरची पापडी खुरप्याच्या टोकानं हलकी मोडत ते दोन दिवस वाकून होते. कुंपणाशी येऊन म्हणाले, “वहिनी, गोट्याचं बी उरलंय का? पुढच्या सालाला दहा गुंठे वांगंच लावीन म्हणतो.” त्यांची मुलं नोकरीत आहेत, त्या रानाबद्दल घरात काय बोलणं चाललंय ते मला थोडंफार कळतं. पण दहा गुंठे वांगं म्हणताना त्यांच्या बोलण्यात कुठेही शंका नव्हती. मी डबा आणला. “बी घटातल्यागत उगवंल ना?” त्यांनी विचारलं. राखेसकट त्यांच्या रुमालात घातलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गादीवाफा दोघांनी मिळून करायचा असं ठरलं.

स्वाती नक्षत्र लागलं आहे. फ्लॉवर मी यंदा लावणार नाही, तो वाफा नवलकोलाला दिला आहे, नवलकोल दोन अंश इकडेतिकडे झाले तरी रुसत नाही. हरभरा बोटभर झाला आहे. आठवडाभरात त्याचे शेंडे खुडून भाजी करता येईल, आणि खुडल्यानं त्याला फुटवेही जास्त येतील. लसणाच्या पाकळ्या आईंनी ओसरीवर बसून सोलून ठेवल्या आहेत, मोठ्या बाहेरच्या पाकळ्या लावायला आणि आतल्या बारीक फोडणीला. चार बोटांवर एक, टोक वर करून, वरून मातीची पातळ चादर. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणे, दोन दिवस ढगाळ राहिलं तर मावा पडेल, तेव्हा निंबोळी अर्क तयार ठेवायचा आहे. मी पाकळ्यांची परात घेऊन निघाले तर आई मागून म्हणाल्या, “लसूण उद्या टोचलास तरी चालेल. घेवडा मागे पडलाय, आधी तो टोक. भोगीला जेमतेम अडीच महिने राहिलेत.”